लॅटिन कोर्टातून जावं, वर्गातून नव्हे

मला लॅटिन शिकवलं ते एका वकिलांनी. दिवसभर कोर्ट, संध्याकाळी अशिलांच्या गाठीभेटी आणि आठवड्यातून दोनदा रात्री साडेआठ ते दहा आम्ही सात-आठ जण. टेबलावर दुसऱ्या दिवशीच्या केसची फाईल, तिच्यावर उघडं ठेवलेलं व्याकरणाचं पुस्तक आणि काळ्या कोटाच्या बाहीला लागलेला खडू. फी विचारली तर म्हणायचे, "पाठ करून या, तीच फी."

तिसऱ्या की चौथ्या तासाला त्यांनी फळ्यावर दोनच शब्द लिहिले: कुई बोनो. अर्थ विचारला. मी कुठेतरी वाचलं होतं ते ठोकून दिलं, "याचा उपयोग काय?"

"अर्थ राहू दे. विभक्ती सांग."

कुई म्हणजे कुणाला. चतुर्थी. आणि बोनो? पुस्तकातला तक्ता चाळून पाहिला, तीही चतुर्थी निघाली. एवढ्याशा वाक्यात दोन चतुर्थ्या कशा, म्हणून आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. सर म्हणाले, "तो मला मदतीला आला, असं तुम्ही म्हणता की नाही? 'मला' आणि 'मदतीला'. एक चतुर्थी माणसाची, दुसरी कारणाची. आता करा अर्थ." कुणाला फायद्याला? म्हणजे फायदा कुणाचा झाला?

मग त्यांनी खटला सांगितला. इ.स.पू. ८० मध्ये सिसेरो नावाचा सव्वीस वर्षांचा वकील रोमच्या कोर्टात उभा राहिला. त्याच्या अशिलावर, सेक्स्तुस रोस्कियुसवर, बापाचा खून केल्याचा आरोप होता. मेलेल्या बापाची मालमत्ता होती साठ लाख सेस्तर्सची, म्हणजे रोमच्या चांदीच्या नाण्यांची. ती हुकूमशहा सुल्लाच्या मर्जीतल्या क्रिसोगोनुस नावाच्या माणसाने अवघ्या दोन हजारांत विकत घेतली होती. सिसेरोने कोर्टाला आठवण करून दिली की लुकियुस कास्सियुस हा जुना न्यायाधीश प्रत्येक खटल्यात एकच गोष्ट विचारायचा: कुई बोनो? रोस्कियुस सुटला. दोन चतुर्थ्या कळल्या नाहीत तर तोच प्रश्न "काय उपयोग" असा उसासा होऊन बसतो. कळल्या की त्याचं बोट थेट एका माणसाकडे वळतं.

सर आता नाहीत. ते गेल्यावर त्यांच्याच व्यवसायातल्या एका गृहस्थांनी हळहळून म्हटलं, "हुशार होता. लॅटिनचा नाद नसता तर कुठल्या कुठे गेला असता." ते वाईट बुद्धीने बोलले नव्हते. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण त्यात एक समज गृहीत धरलेला आहे: वकिली हे काम आणि शिकवणं हा फावल्या वेळचा नाद. मला हे मान्य नाही. कायद्याच्या कामकाजातून लॅटिन काढून टाकावं, अगदी शेवटच्या शब्दापर्यंत काढावं, या मताची मी आहे. आणि ज्या व्यवसायाने ही भाषा इतकी शतकं लोकांवर चालवली, त्या व्यवसायातल्या माणसांनी ती मागेल त्याला शिकवावी, या मताचीही. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात. माझ्या मते त्या एकाच न्यायबुद्धीतून येतात.

पहिली गोष्ट आधी, कारण तिच्यावर फार वाद उरलेला नाही. ज्याच्या दारात कोर्टाचा कागद येतो, त्याला तो वाचता आला पाहिजे. हे पहिल्यांदा आपल्या काळातल्या सुधारकांना सुचलं असं नाही. १३६२ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला की कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत. कारण त्यातच दिलं आहे: कोर्टात चालणारी फ्रेंच लोकांना येत नाही, त्यामुळे आपल्या बाजूने काय बोललं गेलं आणि विरुद्ध काय, हे पक्षकारांना कळत नाही. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये आणि दप्तर पुढेही लॅटिनमध्येच राहिलं. १५३९ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने व्हिलेर-कोतरे इथे फर्मान काढलं की कोर्टाचे निकाल आणि दस्तऐवज फ्रेंच मातृभाषेतच असावेत, कारण लॅटिन शब्दांच्या अर्थावरून तंटे माजत होते. इंग्लंडमध्ये राजाचा वध झाल्यानंतरच्या प्रजासत्ताकाने १६५० मध्ये लॅटिन हटवलं. १६६० मध्ये राजा परत आला आणि त्याच्याबरोबर लॅटिनही. शेवटी १७३३ च्या २५ मार्चपासून तिथल्या कोर्टाचं दप्तर इंग्रजीत आलं. तरी पाठोपाठ आणखी एक कायदा करून हेबियस कॉर्पससारखे (कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढे आणण्याचा हुकूम) रुळलेले शब्द राहू द्यावे लागले. त्यांतले बरेचसे थेट २६ एप्रिल १९९९ पर्यंत टिकले. त्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समध्ये दिवाणी कामकाजाचे नवे नियम लागू झाले. 'एक्स पार्टी'च्या जागी 'सूचना न देता' आलं, 'इन कॅमेरा'च्या जागी 'खाजगीत', आणि 'सबपीना'च्या जागी साधं साक्षीदाराचं समन्स.

मोजलं तर १३६२ पासून सहाशे सदतीस वर्षं. एवढा वेळ का लागला? अवघडपणा हे कारण नव्हतं. ज्यांना ती भाषा येत होती त्यांना ती न येणाऱ्यांची सोय बघायची गरज पडत नव्हती. वकील म्हणजे अशिलाच्या हक्काचं कुंपण. कुंपणच शेत खायला लागलं तर दाद कुणाकडे मागायची?

आमच्या वर्गात एक बाई होत्या. एका वकिलांच्या ऑफिसात त्या टायपिंगचं काम करत. कितीतरी वर्षं त्यांनी 'सबपीना' हा शब्द टाईप केला होता. सरांनी एकदा तो फळ्यावर तोडून लिहिला: सुब पोएना. सुब म्हणजे खाली. पोएना म्हणजे दंड, शिक्षा. शिक्षेच्या धाकाखाली. साक्षीला ये, नाही आलास तर शिक्षा होईल, हे त्या जुन्या हुकुमातले शब्द होते आणि त्यांवरूनच त्या कागदाला हे नाव पडलं. बाई फळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं धमकीची पत्रं टाईप करत होते?" सर म्हणाले, "हो. आणि ज्यांना ती पोचली, त्यांनाही कुणी सांगितलं नाही."

इथे अनेकजण म्हणतील, झालं तर मग, शब्द काढून टाकले, प्रश्न मिटला, लॅटिनची कटकट गेली. इथेच माझा त्यांच्याशी वाद आहे.

हेबियस कॉर्पसचंच घ्या. मराठीत आपण त्याला 'बंदी प्रत्यक्षीकरण' म्हणतो. शब्द भारदस्त आहे, पण तो भाववाचक नाम आहे. कुणी, कुणाला, काय करायला सांगितलं, यातलं काहीच त्यात उरलेलं नाही. लॅटिनमध्ये हेबियस हे क्रियापद आहे. द्वितीय पुरुष, एकवचन, आणि आपण मराठीत ज्याला विध्यर्थ म्हणू तो अर्थ. 'तुझ्याजवळ शरीर असावं', म्हणजे तू त्या माणसाला सदेह घेऊन इथे यावंस. हा 'तू' कोण? ज्याने माणूस कोंडून ठेवला आहे तो. कैद्याचं नाव घेऊन चालणारा हा सगळा कायदा मुळात तुरुंगाच्या अधिकाऱ्याशी बोलतो, आणि त्याला अरेतुरे करतो. १६७९ च्या इंग्रजी कायद्याने त्या 'तू'ला मुदतही घालून दिली: तुरुंग वीस मैलांच्या आत असेल तर तीन दिवस. टाळाटाळ केली तर पहिल्या वेळी शंभर पौंड दंड. दुसऱ्या वेळी दोनशे, आणि त्या पदावर राहण्याची लायकीही गेली. एका क्रियापदाच्या प्रत्ययात सत्तेला उद्देशून दिलेली आज्ञा बसलेली आहे. भाषांतर करणाऱ्याने मुद्दाम काही लपवलं असं मी म्हणत नाही. पण तो 'तू' हरवला, आणि ज्याला लॅटिनचा तो प्रत्यय ओळखता येत नाही त्याला काय हरवलं हेसुद्धा कळणार नाही.

किंवा 'आउदी अल्तेराम पार्तेम'. नैसर्गिक न्यायाचं हे मूळ सूत्र सगळे 'दुसरी बाजूही ऐका' असं सांगतात. बरोबर आहे. पण लॅटिनमध्ये 'दुसरा' या अर्थाचे दोन शब्द आहेत. आलियुस म्हणजे आणखी कुणीतरी, कितीतरींपैकी एक. आल्तेर म्हणजे दोनांपैकी दुसरा. सूत्रात आल्तेर आहे. गर्दीतली आणखी एक बाजू असा तिचा अर्थ नव्हे. ती समोरची, जोडीतली बाजू आहे, आणि तिच्यावाचून पहिलीला 'बाजू' म्हणताच येणार नाही. आणि 'आउदी' हा एकवचनी आज्ञार्थ आहे. न्यायाच्या खुर्चीवर बसलेल्या एकाच माणसाला सांगितलेलं आहे: ऐक. (मराठीत शिकणाऱ्याला लॅटिनचे हे अर्थ परके वाटत नाहीत, कारण आज्ञार्थ आणि विध्यर्थ आपल्याकडे रोज तोंडी असतात. 'काव्हेआत एम्प्तोर' या प्रसिद्ध सूत्राचं 'घेणाऱ्याने जपावं' हे भाषांतर इतकं चपखल बसतं की मूळ कुठलं असा प्रश्न पडावा.)

म्हणून माझं म्हणणं असं: कागदावरून लॅटिन काढा, पण ते काढलेलं कुठेतरी उघडं करून दाखवायची जागा ठेवा. ती जागा म्हणजे वर्ग. नुसतं काढून टाकलं तर आधी जे कळत नव्हतं ते आता दिसतही नाही, एवढाच फरक पडतो. आणि शिकवण्याची जबाबदारी पहिल्यांदा कुणावर येते? ज्याच्या हातात किल्ली होती त्याच्यावर.

वकिलाने शिकवावं ही कल्पना माझी नाही. ती जुनी आहे, आणि तिचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे क्विंतिलियान.

इ.स. ३५ च्या सुमारास हिस्पानियातल्या, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या, कालागुर्रिस इथे जन्मलेला हा माणूस रोममध्ये वकिली करायचा. यहुदी राजघराण्यातल्या बेरेनिके राणीच्या वतीने त्याने खुद्द तिच्याचसमोर युक्तिवाद केला होता, ती न्यायासनावर बसलेली असताना. त्याची भाषणं इतकी मागणीत होती की लघुलेखक ती घाईघाईने उतरवून विकायचे, आणि त्या नकलांत माझं फारच थोडं आहे अशी तक्रार त्याने लिहून ठेवली आहे. हाच माणूस वीस वर्षं मुलांना शिकवत होता. सम्राट व्हेस्पासियानने लॅटिन आणि ग्रीक वक्तृत्वाच्या शिक्षकांना सरकारी तिजोरीतून वर्षाला एक लाख सेस्तर्स द्यायचं ठरवलं. असा सरकारी पगार घेणारा पहिला शिक्षक म्हणून क्विंतिलियानचंच नाव सांगितलं जातं.

वक्ता कसा घडवावा यावरचा त्याचा बारा भागांचा ग्रंथ मी भाषांतराच्या आधाराने, अडखळत का होईना, वाचला आहे. त्यात वकील आणि शिक्षक वेगळे काढता येत नाहीत. मुलांना मारण्याविरुद्ध तो लिहितो ते एखादा खटला चालवावा तसं. मारणं ही लाजिरवाणी, गुलामाला करावी अशी वागणूक आहे. जो मुलगा शब्दाने सुधारत नाही तो माराला कोडगा होईल. आणि नीट लक्ष ठेवणारा शिक्षक असेल तर माराची गरजच पडणार नाही. मग शेवटचा मुद्दा येतो: लहानपणी मारून वळण लावलंत, तो तरुण झाल्यावर काय कराल? तेव्हा तर ही भीतीही चालणार नाही. एकेक वाट बंद करत जाणं ही वकिलाची रीत आहे. आणि तो ती ज्यांना स्वतःचा वकील करता येत नाही त्या पोरांसाठी वापरतो.

सहाव्या भागाच्या सुरुवातीला तो एकदम थांबतो. आधी बायको गेली, एकोणीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मग पाच वर्षांचा धाकटा मुलगा गेला. आणि आता, हा भाग लिहायला घेताना, थोरलाही गेला. ज्याच्यासाठी हा ग्रंथ लिहीत होतो तोच राहिला नाही, मग कुणासाठी लिहू, असं तो विचारतो. आणि तरी उरलेले सगळे भाग पुरे करतो. त्यातल्या शेवटच्या, बाराव्या भागात त्याने सांगितलं आहे की वकिलाने आवाज आणि शक्ती संपायच्या आधी कोर्टातून बाजूला व्हावं. मग चांगली चांगली तरुण मुलं त्याच्या घरी येतील, रस्ता विचारतील, आणि तो त्यांना बापासारखा घडवेल. आमच्या सरांविषयी 'कुठल्या कुठे गेला असता' म्हणणाऱ्या गृहस्थांना मला हे पान दाखवायचं आहे. वकिलीत शेवटी जायचं कुठे असतं, याचं क्विंतिलियानचं उत्तर तेच होतं.

त्याचा एक विद्यार्थी होता धाकटा प्लिनी. तोही वकील. एकदा तो आपल्या गावी कोमुमला गेला असताना एक मुलगा बापाबरोबर भेटायला आला. शिकतोस का? हो. कुठे? मेदिओलानुममध्ये, म्हणजे आजच्या मिलानमध्ये. इथे का नाही? बापाने सांगितलं, इथे शिक्षक नाहीत. प्लिनीने तिथल्या तिथे इतर पालकांनाही सांगितलं की शिक्षक आणा, खर्चाचा एक तृतीयांश मी देतो. सगळाच खर्च द्यायची त्याची तयारी होती. पण जिथे पगार फुकट येतो तिथे शिक्षकाची निवड वशिल्याने होते, हे त्याने इतर ठिकाणी पाहिलं होतं. पालकांचे स्वतःचे पैसे असतील तर ते डोळ्यांत तेल घालून निवड करतील. मग त्याने आपला मित्र, इतिहासकार ताकितुस याला पत्र लिहून चांगले शिक्षक शोधून देण्याची विनंती केली. ते पत्र आज उपलब्ध आहे. मला त्यातली व्यवहारबुद्धी फार आवडते. शिक्षणावरचं प्रेम आणि माणसांच्या लोभाचं कोर्टात मिळालेलं ज्ञान, दोन्ही एकाच कागदावर.

आणि थॉमस मोर. इंग्लंडचा वकील, न्यायाधीश, पुढे १५२९ मध्ये लॉर्ड चान्सेलर, म्हणजे राजाचा सर्वांत वरचा न्यायाधिकारी. तरुणपणी तीनएक वर्षं त्याने कायदा शिकवला. घरात मुली आणि मुलगा यांच्यासाठी त्याने शाळाच चालवली. शिक्षक नेमले होते, पण दूरगावी असतानाही लक्ष त्याचं. मुलांनी रोज पत्र लिहावं, आधी इंग्रजीत नीट मांडावं, मग लॅटिनमध्ये करावं, आणि पाठवण्याआधी पुन्हा तपासावं, अशा त्याच्या सूचना आहेत. मुलांना लिहिलेल्या एका लॅटिन कवितेत तो म्हणतो की माझा चाबूक मोराच्या पिसाशिवाय कसला कधी नव्हता. क्विंतिलियाननंतर चौदाशेहून जास्त वर्षांनी, दुसऱ्या देशात, पुन्हा एक वकील मुलांवरचा हात रोखतो. याला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही. रोज शिक्षा होताना बघणाऱ्या माणसाला शिक्षेची किंमत कळत असावी.

त्याची थोरली मुलगी मार्गरेट. मुलींनी एवढं शिकणं तेव्हा लोकांच्या पचनी पडत नव्हतं. तिने इरॅस्मस या डच विद्वानाच्या लॅटिन पुस्तकाचं इंग्रजी केलं. पण तिची खरी कमाल दोन शब्दांत आहे. संत किप्रियानच्या ग्रंथाच्या प्रतींत एका ठिकाणी 'निसी व्होस' असं छापलं जात होतं, आणि त्या वाक्याचा काही केल्या अर्थ लागत नव्हता. 'निसी व्होस' म्हणजे 'तुम्ही नसाल तर'. मार्गरेटने सांगितलं, हे दोन शब्द नाहीतच. नकलणाऱ्याची चूक आहे. मुळात 'नेर्व्होस' असणार, म्हणजे स्नायू, बळ. वाक्य उलगडलं आणि पुढच्या संपादकांनी ही दुरुस्ती तिच्या नावासह स्वीकारली. वकिलाच्या घरात शिकलेल्या मुलीने दस्तऐवजातली खोट पकडली, असं मी याला म्हणेन. लॅटिनने बनावट दस्त पकडण्याची परंपराही तशी जुनीच आहे. सम्राट कॉन्स्टंटाईनने पश्चिमेचं राज्य पोपला दिल्याचा दस्त खोटा आहे, हे लोरेंत्सो व्हाल्ला या इटालियन पंडिताने १४४० मध्ये दाखवलं ते त्यातल्या शब्दांवर बोट ठेवून. रोमच्या अधिकाऱ्यांना 'सात्राप', म्हणजे इराणी सुभेदारांचं नाव, दिलंय, हे लॅटिन त्या सम्राटाच्या काळातलं नव्हेच.

मोरचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १५३५ मध्ये राजाला चर्चचा प्रमुख मानण्याच्या प्रश्नावर तो गप्प राहिला आणि त्या गप्पपणावरूनही त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. त्याने खटल्यात एक लॅटिन सूत्र पुढे केलं: क्वी ताकेत कोन्सेंतीरे व्हिदेतूर. जो गप्प राहतो त्याने संमती दिली असं मानलं जातं. आपल्याकडे 'मौनं संमतिलक्षणम्' म्हणतात तेच. त्याचं म्हणणं, कायद्याने माझ्या मौनाचा अर्थ लावायचाच असेल तर तो होकार असा लागेल, नकार असा नाही. या वाक्याचा जीव 'व्हिदेतूर'मध्ये आहे. 'मानलं जातं'. संमती दिली असं ते वाक्य म्हणत नाही. इतरांनी तसं धरायचं, एवढंच म्हणतं. माणसाच्या मनात काय आहे त्याला हात न लावणारं क्रियापद त्याने आपल्या जिवासाठी निवडलं. उपयोग झाला नाही. ६ जुलै १५३५ ला त्याचा शिरच्छेद झाला. पण त्या खटल्यात न्यायासनावरच्यांनी काय केलं हे ज्याला नीट समजून घ्यायचं आहे, त्याला ते एक क्रियापद शिकावं लागेल.

आता आक्षेप. सगळ्यात जोरदार आक्षेप असा की लॅटिन ही बड्यांच्या पोरांची भाषा आहे, आणि ती शिकवत राहणं म्हणजे तेच कुंपण दुसऱ्या जागी घालणं. यात तथ्य आहे. इंग्लंडमध्ये ११ ते १४ वयाच्या मुलांना लॅटिन शिकवणाऱ्या सरकारी शाळा तीन टक्क्यांहूनही कमी भरल्या, तेव्हा खाजगी शाळांत हे प्रमाण ४९ टक्के होतं. पण या आकड्यांवरून काय करायचं? सरकारी शाळांतली लॅटिन बंद केली तर खाजगी शाळांतले ४९ टक्के तसेच राहतात. २०२१ मध्ये तिथल्या सरकारने चाळीस सरकारी शाळांसाठी चाळीस लाख पौंडांचा लॅटिन कार्यक्रम जाहीर केला, आणि पुढच्या सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत, शाळेचं वर्ष चालू असताना, पैसे थांबवले. परीक्षेची तयारी करत असलेल्या मुलांना मधेच सोडणं मला अन्यायाचं वाटतं. ज्यांच्या आईबापांना शिकवणी परवडते त्यांचं लॅटिन काही थांबलं नाही. सरांच्या वर्गात टायपिस्ट बाई, एक नर्स, एक निवृत्त पोस्टमन आणि आम्ही विद्यार्थी होतो. भाषा बड्यांची राहते ती शिकवल्याने नव्हे, निवडक लोकांनाच शिकवल्याने.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. लॅटिनने बुद्धी तल्लख होते, विचार शिस्तीत येतो, असं तिचे चाहते फार पूर्वीपासून सांगत आले. मी हे सांगणार नाही. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरून दाखवलं की अमुक विषय शिकल्याने एकूण विचारशक्ती इतरांपेक्षा फार वाढते, असं काही दिसत नाही. माझा दावा एवढाच आहे की लॅटिन शिकल्याने लॅटिन येतं, आणि ज्यांचा कायदा त्या भाषेतून वाढला त्यांच्यासाठी ते पुरेसं कारण आहे.

तिसरा आक्षेप वकिलांचा स्वतःचा: वेळ कुठे आहे? आणि अशील काय म्हणेल? ज्याचा जामिनाचा अर्ज उद्या आहे त्याच्या वकिलाने आज रात्री विभक्त्या शिकवत बसावं का? हा प्रश्न मी हलका मानत नाही. ज्या रात्री तसा अर्ज असे त्या रात्री सर वर्ग रद्द करत, आणि तसंच करायला हवं. पण इतर रात्री त्यांनी जे केलं त्याने अशिलाचं काही गेलं नाही. उलट झालेलं मी पाहिलं आहे. मुलांना एक वाक्य पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी समजावण्याची सवय झालेला माणूस अशिलाला करारातलं कलमही तसंच समजावतो. ते अशिलाला म्हणत, "तुमच्या शब्दांत मला परत सांगा." वर्गातही तेच म्हणत.

राहिला प्रशिक्षित शिक्षकांचा मुद्दा. त्यांची जागा वकिलांनी घ्यावी असं माझं म्हणणं नाही. उलट क्विंतिलियानने तिमोथेउस नावाच्या बासरीवाल्याची गोष्ट सांगितली आहे. आधी दुसऱ्याकडे शिकून आलेल्याकडून तो दुप्पट फी घ्यायचा, कारण चुकीचं शिकलेलं आधी पुसावं लागतं. वकिलाला शिकवायचं असेल तर त्याने आधी शिकवणं शिकावं.

मग करायचं काय? काही देशांत वकिलांच्या संघटना गरिबांच्या मोफत खटल्यांचे तास मोजतात, ज्ञान ताजं ठेवण्यासाठी सक्तीचे तासही मोजतात. त्यातच सार्वजनिक वाचनालयात किंवा शाळेत कायद्याची भाषा शिकवण्याचे तास धरावेत. फक्त कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी नव्हे, ज्याच्या दारात कागद येतो त्याच्यासाठी. खर्चाचा एक तृतीयांश संघटनेने द्यावा, बाकीचा शाळेने आणि शिकणाऱ्यांनी, प्लिनीच्या हिशेबाने, म्हणजे शिक्षक वशिल्याने येणार नाही. आणि कोर्टाच्या कागदावर एकही लॅटिन शब्द राहू नये, हे त्याबरोबरच.

पहिल्या दिवशी फळ्यावर काय लिहावं तेही ठरलेलं आहे. सिसेरो म्हातारपणाकडे झुकल्यावर लिहितो की आम्ही लहानपणी बारा पाटांचा कायदा गाणं घोकावं तसा पाठ करायचो, आता कुणी करत नाही. इ.स.पू. ४५१-४५० मधला रोमचा तो पहिला लिखित कायदा. त्याचं पहिलं वाक्य पाच शब्दांचं: सी इन इयुस व्होकात, ईतो. 'कोर्टात बोलावलं, तर जावं.' दोन्ही क्रियापदांना कर्ता लिहिलेला नाही. आमच्या वर्गात सरांनी हे लिहिलं तेव्हा पहिला हात त्या टायपिस्ट बाईंचा वर गेला होता. "बोलावतो कोण, आणि जायचं कुणी?"